निपाणीची विडीवाली 'उद्योजक' कशी? : रोजगार मोजणाऱ्यांना सीमाभागातून खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
मा. संचालक, आर्थिक व सांख्यिकी संचालनालय, कर्नाटक शासन, बेंगळुरू

स. न. वि. वि.

तुमच्या २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार देशातल्या काम करणाऱ्या माणसांपैकी ५८.४ टक्के स्वयंरोजगारात आहेत. २०१७-१८ मध्ये हाच आकडा ५२ च्या आसपास होता. या वाढीवर बरीच भाषणं झाली. लोक नोकरी मागणारे राहिले नाहीत, नोकरी देणारे झाले, असंही ऐकलं. मी निपाणीत पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे असे आकडे वर्गात फळ्यावर लिहायची वेळ माझ्यावर येते. आणि लिहिताना माहीत असतं की समोर बसलेल्या निम्म्या पोरींच्या आया या ५८.४ मध्ये बसलेल्या आहेत. त्या विड्या वळतात.

तुमच्या पाहणीच्या नियमांत घरी काम आणून करणाऱ्यांना स्वयंरोजगारात घातलं जातं. कारण असं दिलेलं आहे की त्यांना मिळणारा पैसा म्हणजे मजुरी आणि त्यांच्या उद्योगाचा नफा यांचं मिश्रण आहे, आणि ते वेगळं करता येत नाही. दिल्लीतल्या टेबलावर हे पटण्यासारखं असेल. पण हा 'उद्योग' एकदा जवळून पाहा.

रात्री तेंदूचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. सकाळची चूल, पाणी, पोरांचे डबे आटपले की मांडीवर सूप घ्यायचं. पत्र्याचा मापाचा तुकडा पानावर ठेवून कातरीनं कापायचं, जाड शिरा काढायच्या, चिमटीनं तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं, तोंड दुमडायचं. पंचवीस विड्यांचं एक बंडल. हात बसलेला असला तरी हजार विड्यांना दिवेलागण होते, आणि पानं कातरायला सासू किंवा शाळेतून आलेली मुलगी लागतेच. पान कारखान्याचं, तंबाखू कारखान्याची, दर कारखान्याचा, नावही कारखान्याचं. पान कमी पडलं किंवा फाटकं निघालं तर बाईनं पदरचं विकत आणायचं. माल द्यायला गेलं की तपासणारा बंडल उचलतो, बोटानं दाबतो आणि काही विड्या बाजूला काढतो. त्यांचे पैसे नाहीत. आता यातला नफा कुठला, ते मला कुणीतरी दाखवावं. मला तोटा दिसतो, आणि तो मात्र खरोखरच तिचा स्वतःचा असतो.

गंमत अशी की या देशाच्या कायद्याला हे तुमच्या कोष्टकांच्या कितीतरी आधी कळलं होतं. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणाऱ्या बाईलाही 'कर्मचारी' मानलं. मालकांनी त्याला आव्हान दिलं, आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. म्हणजे न्यायालयात ती कामगार आणि तुमच्या पाहणीत ती स्वतःच्या धंद्याची मालकीण. एकाच सरकारचे हे दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत.

आंतरराष्ट्रीय पातळीवर तर हा प्रश्न सुटून बरीच वर्षं झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांची परिषद १९२३ पासून भरते. काम कशाला म्हणायचं, रोजगार कशाला, बेरोजगार कुणाला, हे तिथे ठरतं. भारत या संघटनेचा संस्थापक सदस्य आहे, तेव्हा हे नियम कुणी परक्यानं आपल्यावर लादलेत असं म्हणायची सोय नाही. २०१८ च्या विसाव्या परिषदेनं कामाच्या नात्यांचं नवं वर्गीकरण मंजूर केलं. जुन्या, १९९३ च्या वर्गीकरणात ढोबळमानानं इकडे पगारी आणि तिकडे स्वयंरोजगारी अशी विभागणी होती. नव्यात मधल्या माणसांसाठी एक वेगळा गट केला: डिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर. कागदावर व्यापारी करार, प्रत्यक्षात काम, दर, कच्चा माल किंवा गिऱ्हाईक यांसाठी दुसऱ्या कुणावर तरी पूर्ण अवलंबून, असे लोक. त्यांना स्वतंत्र धंदेवाइकांत मिसळू नका, असं त्या ठरावाचं सांगणं आहे.

या चौकटीत निपाणीची एक गल्ली घालून बघा. एका बाईचं नाव कारखान्याच्या रजिस्टरला आहे, तिचा पीएफ कापला जातो, ती कर्मचारी. शेजारची बाई तेच पान, तीच तंबाखू मधल्या ठेकेदाराकडून आणते, नाव कुठेच नाही, ती डिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर. दोघींत भिंत एकच असते, पण म्हातारपणी पेन्शन मिळणार की नाही एवढा फरक त्या भिंतीत आहे. कोणत्या गावात पहिल्या प्रकारच्या किती आणि दुसऱ्या प्रकारच्या किती, एवढं जरी कळलं तरी कामगार खात्याला कुठे जायचं ते समजेल. तुमच्या आजच्या रकान्यात रजिस्टरबाहेरची ही बाई, स्वतःचं किराणा दुकान चालवणारा आणि दहा एकर ऊसवाला शेतकरी एकाच नावाखाली जाऊन बसतात. घरी काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये झालेला १७७ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करारही भारतानं अजून मंजूर केलेला नाही. तो तुमच्या खात्याचा विषय नव्हे, हे मला कळतं. पण मोजणीच झाली नाही तर त्या करारासाठी भांडायचं कुणाच्या जिवावर?

हे फक्त विडीचं नाही. बेळगावात वडगाव, खासबागेत माग चालतात. सूत व्यापाऱ्याचं, डिझाइन व्यापाऱ्याचं, साडीमागचा दर व्यापाऱ्याचा, आणि माग, जागा, वीजबिल विणकराचं. घरातली बाई कांड्या भरते. तुमच्या कोष्टकात विणकर स्वयंरोजगारी आणि बायको, कुणी विचारलंच तर, घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. आनंद आहे. मात्र यातल्या किती जणी कांड्या भरणाऱ्या आहेत आणि किती जणींच्या हातात महिन्याला स्वतःचा पैसा पडतो, हे त्या मथळ्याच्या आकड्यात दिसत नाही. आत कोष्टकांत असतं, पण कोष्टकं वाचतो कोण? माझ्यासारखे चार मास्तर.

आता एक तासाच्या नियमाबद्दल. आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास जरी कमाईचं काम केलं तरी माणूस चालू साप्ताहिक स्थितीनं रोजगारात धरला जातो, हे ऐकून मुलं वर्गात हसतात. सोशल मीडियावर तर ही सरकारी बनवाबनवी म्हणून फिरवतात. मी मुलांना सांगते की हा नियम दिल्लीनं शोधलेला नाही. श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या १९८२ च्या परिषदेत तो ठरला आणि २०१३ मध्ये कायम राहिला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जेवढं उत्पादन धरायचं, तेवढ्यामागचे सगळे श्रम धरता यावेत, एकाच माणसाला दोन ठिकाणी मोजायची वेळ येऊ नये, यासाठी तो आहे. नियमावर माझा राग नाही. पण त्याच २०१३ च्या ठरावानं आणखी एक गोष्ट सांगितली होती: बेरोजगारीचा एकच आकडा सांगून थांबू नका. काम आहे पण तास पुरत नाहीत, आणखी काम मिळालं तर करायची तयारी आहे, असे लोक बेरोजगारांत मिळवून दुसरा आकडा द्या. काम करायची इच्छा आहे पण शोधणं सोडून दिलंय, किंवा शोधतायत पण लगेच रुजू होऊ शकत नाहीत, त्यांना धरून तिसरा द्या. सगळे एकत्र करून चौथा द्या.

इथे तुमची एक बाजूही सांगायला हवी. काम शोधत नाही पण मिळालं तर करायला तयार आहे, अशा माणसाला आपली पाहणी बेरोजगारांतच धरते. जिनिव्हाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या, कडक व्याख्येत तो बेरोजगारांबाहेर जातो. त्या बाबतीत आपलं माप जास्त उदार आहे. ऊस संपल्यावर चिकोडी-रायबागच्या पट्ट्यात जे हात रिकामे होतात, ते काम शोधायला जाणार कुठे आणि कुणाकडे? कामच नाही हे सगळ्या गावाला माहीत असतं. तेव्हा हे उदारपण सोडू नका. पण अर्धवट कामाचा आकडा मथळ्यात आणा. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्र्यांत कंत्राटावरच्या पोराला आठवड्यात दोनच शिफ्ट मिळाल्या तरी तो पूर्ण रोजगारी, आणि आठवड्यातले उरलेले दिवस कट्ट्यावर बसला तरी रोजगारी. तुमचे लोक तर प्रत्येक दिवसाचे तास विचारतात, जादा कामाची तयारी आहे का तेही विचारतात. माहिती हाताशी असताना ती मागच्या पानावर का ठेवायची?

१९७० सालीच प्रा. दांतवाला समितीनं सांगितलं होतं की आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचा एक ठोक आकडा काढण्यात अर्थ नाही, माणसांच्या वेगवेगळ्या गटांची वेगवेगळी चित्रं काढा. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. २०२३-२४ ची पाहणी आली तेव्हाही टीव्हीवर बेरोजगारी ३.२ टक्के एवढंच दिसलं.

खानापूर तालुक्याचा प्रश्न निराळा आहे. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला भात पिकतं आणि बहुतेक घरात ते घरच्याच खाण्याला जातं. जंगलातून मोळी आणायची, म्हशीला गवत आणायचं, उन्हाळ्यात पाणी लांबून भरायचं. ही सगळी कामं एकाच बाईची, बऱ्याचदा एकाच दिवसात. आता तुमचा नियम पाहा: घरच्या खाण्यासाठी भात लावलं तर ते आर्थिक काम, ती रोजगारात. नुसतं सरपण आणि गवत आणलं तर संकेतांक ९३, म्हणजे घरकाम आणि सोबत फुकटातली गोळाबेरीज. ती श्रमशक्तीच्या बाहेर. भात कांडलं, पापड लाटले, तर ती घरातच. भात लावणारी बाई रोजगारात, आणि नुसती मोळी डोक्यावर आणणारी बाई गृहिणी.

२०१३ च्या ठरावानं हा गुंता वेगळ्या रीतीनं सोडवला. आधी कामाची व्याख्या मोठी केली: दुसऱ्यासाठी असो वा स्वतःच्या घरासाठी, वस्तू बनवणं किंवा सेवा देणं म्हणजे काम. मग त्याचे प्रकार पाडले: स्वतःच्या घरासाठीचं उत्पादन, पगार किंवा नफ्यासाठीचा रोजगार, बिनपगारी शिकाऊ काम, स्वयंसेवा, आणि उरलेली काही सक्तीची वगैरे कामं. भात, मोळी, स्वयंपाक, म्हाताऱ्याची सेवा, सगळंच काम ठरलं, फक्त त्यातला रोजगार तेवढा पगार-नफ्याचा. हे भारतानं जसंच्या तसं उचललं तर खानापुरातल्या बऱ्याच बायका रोजगाराच्या आकड्यातून एका रात्रीत बाहेर पडतील आणि 'महिलांचा सहभाग घसरला' म्हणून ओरड होईल. तुम्ही बिचकत असाल तर मी समजू शकते. म्हणून माझी विनंती अशी की जुना आकडा चालू ठेवा आणि शेजारी नवा छापा. घरच्या खाण्यापुरती शेती करणारी आणि बाजारात माल विकणारी, या दोघींना आज एकच नाव आहे. ते दोन रकाने झाले तर पहिलीला रोखीचं काम हवंय हे दिसेल, आणि दुसरीला बाजार हवाय हे दिसेल. घरकामाचं तर तुम्हीच मोजून ठेवलंय: २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्यांपैकी बायका त्याला दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८. पण ही पाहणी एका कपाटात आणि श्रमशक्तीची दुसऱ्या.

व्याख्या कितीही चांगली असू दे, ती शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी जाते. आमच्या गल्लीत मागे एकदा कसल्यातरी सरकारी माहितीसाठी एक मुलगा टॅब घेऊन आला होता. प्रश्न कन्नडमध्ये. घरातला माणूस कारखान्यात काम केलेला, त्याला कन्नड येतं, तोच बोलला. "आणि ह्या?" असं बायकोबद्दल विचारल्यावर म्हणाला, "ती काय, घरातच असत्या." ती त्याच्यामागे जोत्यावर बसून विड्या वळत होती. मुलानं पाहिलं, पण टॅबवर उत्तर पडलं होतं आणि त्याला पुढची घरं करायची होती. त्या मुलाचा दोष नाही. बाईबद्दल नवऱ्याला विचारायचं आणि तेही तिला नीट न कळणाऱ्या भाषेत, ही पद्धतच चुकीचं उत्तर देणारी आहे. "काम करता का?" या एका प्रश्नाला आमच्याकडची बाई "नाही" असंच उत्तर देते. "गेल्या आठवड्यात विड्या वळल्या का, कांड्या भरल्या का, दुसऱ्याच्या रानात भांगलण केली का, दूध घातलं का?" असं एकेक विचारलं तर ती तासांसकट सांगते.

आणि आमच्या भागात मोजणीला आणखी एक इतिहास आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून, मग सीमाप्रश्नावरचा १९६६ चा महाजन आयोग, मग २००४ पासून सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा, या सगळ्यात आमची डोकी मोजली गेली ती भाषेसाठी. कुणी वही घेऊन आला की म्हातारी माणसं आधी विचारतात, हा कुणाकडनं आला? त्यामुळे उत्तरं सावध येतात. इथे मराठी बोलणारा आणि शक्यतो बाई असलेला प्रगणक पाठवणं ही भाषेच्या राजकारणाची मागणी समजू नका. आकडा खरा यावा एवढ्यासाठीच ते मागतेय. अथणीत कन्नड घरांत कन्नडच हवी, हेही तितक्याच ठामपणे सांगते.

सीमेचा एक घोळ तर निव्वळ हिशेबाचा आहे. निपाणीचा पोरगा रोज कागल किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जातो. तुमची पाहणी माणसाला त्याच्या घरी मोजते, म्हणून त्याचा रोजगार बेळगाव जिल्ह्यात. उद्योगांची वार्षिक पाहणी कारखान्याच्या ठिकाणी मोजते, तिथे तो कोल्हापूर जिल्ह्यात. खानापूरचा पोरगा गोव्यात हॉटेलात असतो, त्याचंही तेच. जिल्ह्यात रोजगार आहे असं आमदार सांगतात, तेव्हा तो जिल्ह्याबाहेर जाऊन कमावलेला आहे हे लपून जातं. कामाचं ठिकाण जिल्ह्यात, राज्यात की राज्याबाहेर, एवढा एक रकाना पुरेल.

जानेवारी २०२५ पासून तुम्ही पाहणीची रचना बदललीत, हे चांगलं झालं. नमुना २,७२,३०४ कुटुंबांपर्यंत वाढला, एका घरी चार महिने लागोपाठ जायचं ठरलं, दर महिन्याला आकडे येऊ लागले, आणि मुख्य म्हणजे नमुना निवडताना जिल्हा हा पायाचा घटक झाला. जिल्ह्याचा आकडा निघण्याची वाट आता मोकळी आहे. त्यात राज्य सरकारनं आपला नमुना घालून भर टाकली तर बेळगावसारख्या जिल्ह्यात, जिथे एका टोकाला कणकुंबीचं जंगल आणि दुसऱ्या टोकाला अथणीचा ऊस आहे, निदान दोन-तीन विभागांचे आकडे वेगळे काढता येतील. नाहीतर पावसाचा आणि दुष्काळाचा मिळून एक सरासरी जिल्हा तयार होईल, जो कुठेच नाही.

तेव्हा मागणी थोडक्यात अशी. घरी काम आणून करणाऱ्यांना स्वयंरोजगाराच्या ढिगातून बाहेर काढून २०१८ च्या वर्गीकरणाप्रमाणे वेगळं दाखवा. त्यासाठी प्रश्नावलीत चार प्रश्न पुरतील: माल कुणाचा, दर कोण ठरवतं, एकाच माणसाला माल देता का, पीएफ आहे का. घरापुरतं उत्पादन वेगळ्या रकान्यात छापा. अर्धवट कामाचा आकडा मासिक पत्रकाच्या पहिल्या पानावर आणा. आणि बाईची माहिती बाईलाच विचारा. २०२७ च्या जनगणनेतही हीच काळजी घेतली जावी, म्हणून या पत्राची प्रत जनगणना आयुक्तांनाही पाठवत आहे.

प्रश्न तपासून पाहायचे असतील तर निपाणीत या. आमची मुलं गल्ल्या ओळखतात, बरोबर फिरतील. उत्तर मराठीत पाठवलंत तरी चालेल, कन्नडमध्ये पाठवलंत तरी वाचू.

आपली,
निपाणीतील एक अर्थशास्त्राची शिक्षिका